दुपारची शेजारीण

मित्रांनो, मी एक लॅपटॉप आहे आणि माझे वय अकरा वर्षे आहे. तुमच्यात अकराव्या वर्षी मुले दप्तर घेऊन शाळेत जातात. आमच्यात अकराव्या वर्षी पणजोबा होतात. 'ह' हे अक्षर उमटवायला माझे बटण दोनदा दाबावे लागते, उजवी बिजागरी मोडली आहे आणि मी जागा होऊ लागलो की पोटातला पंखा असा घरघरतो, की पलीकडच्या खोलीतही कळावे, म्हातारा उठला. तरी माझी हकिकत ऐकाच. मी जे पाहिले ते मला अजून पचलेले नाही. आणि ज्याला तोंड नाही त्याला धक्का बसला, तर तो सांगणार कुणाला?

कारखान्यातल्या लांबलचक पट्ट्यावर माझा जन्म झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात शेवटचा स्क्रू पिळला आणि माझ्याकडे न बघताच पुढच्याला हात घातला. ती काहीतरी म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो. हा माझ्या आयुष्यातला पहिला धक्का. त्यानंतरची पाच वर्षे एका विमा कचेरीत गेली. तिथे मी फक्त तक्ते भरले. कुणाच्या गाडीला धडक बसली, कुणाच्या घराचे छप्पर उडाले, सगळे चौकटीत बसवायचे. 'सोबत कागद जोडले आहेत' यापेक्षा मोठे वाक्य पाच वर्षांत कुणी माझ्यावर लिहिले नाही. मग एक दिवस नवे लॅपटॉप आले आणि आम्हा दहा जणांना खोक्यात भरून जिन्याखाली ठेवले गेले.

त्या कचेरीत यंत्रे दुरुस्त करायला एक गृहस्थ येत. त्यांनी मला खोक्यातून काढले, ब्रशने धूळ झाडली आणि आपल्या बहिणीच्या घरी नेऊन टेबलावर ठेवले. "घे, भाचीला होईल. दिसायला म्हातारा आहे, पण डोकं शाबूत आहे," असे ते म्हणाले. माझी कुणी केलेली ती पहिली स्तुती. त्या मामांचे उपकार मी विसरणार नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि माणसे दोनच. आई आणि मुलगी. मुलीचे वडील ती चौथीत असतानाच वारले होते. मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासत असे. आई नुकतीच निवृत्त झाली होती. तिने सव्वीस वर्षे एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. बाहेरून फोन आला, की तो घ्यायचा, हवा तो विभाग विचारायचा, वायर त्या भोकात खोचायची आणि आपण बाजूला व्हायचे. हॉस्पिटलातले फोन म्हणजे काय असणार? कुणी गेले, कुणी वाचले, कुणाला मुलगी झाली. लाइन लागली की नाही हे बघायला क्षणभर कान द्यावाच लागे, आणि तेवढ्यात नको ते कानावर पडे. तिच्या बोर्डाच्या वरच भिंतीवर रंगवले होते, 'ऐकलेले विसरा. मध्ये बोलू नका.' आईने ते सव्वीस वर्षे पाळले. घोळ एवढाच, की कामावरून घरी आल्यावरही ती ते पाळतच राहिली.

त्या घरात भांडण कधी नव्हते. पण बोलणेही नव्हते. "दूध संपलंय." "आणते." "छत्री घे." "घेतली." एवढ्यावर दिवस निघत. मी तर हबकलोच. विमा कचेरीतसुद्धा माणसे एकमेकांशी याहून जास्त बोलत.

मला येऊन एक वर्ष झाले असेल, तेव्हा मुलीने सकाळी सहा वाजता माझे झाकण उघडले आणि एक ब्लॉग सुरू केला. त्याचे नाव तिने ठेवले 'सकाळचे सहा', आणि स्वतःचे नाव ठेवले 'नजरवाली'. रोज सहा ते सात ती लिहायची. मित्रांनो, मला काय झाले म्हणून सांगू! वाक्ये! एकापाठोपाठ एक, अख्खी वाक्ये! चष्मा लावून पहिल्यांदा झाडाची पाने सुटी सुटी दिसलेला मुलगा. तक्त्यावरची अक्षरे दिसत नाहीत हे कबूल करायची लाज वाटते म्हणून ती पाठ करून येणारे आजोबा. बसथांब्यावर रोज भेटणारी आणि रोज एकच तक्रार करणारी बाई. स्वतःचे एकटेपणही ती लिहायची, पण रडगाणे गात नसे. लिहून झाले, की न चुकता आपल्या खात्यातून बाहेर पडायची, झाकण लावायची आणि डबा घेऊन पळायची. बाहेर पडायचे कारण मी घरात सामाईक होतो. दुपारी आई माझ्यावर परगावच्या बहिणीशी बोलायची. आपला ब्लॉग आईच्या दृष्टीस पडू नये एवढीच मुलीची इच्छा होती.

आणि नेमके तेच झाले. वर्षभराने एका दुपारी आईने मला उघडले, तर ब्लॉगचे पान तसेच पुढ्यात होते. खाते बंद होते, पण पान बंद करायचे राहिले होते. आईने चष्मा लावला. ती वाचू लागली. दोन वाजता बसलेली बाई पाच वाजता उठली. मध्ये एकदाच तिने पदर डोळ्यांना लावला आणि एकदा मोठ्याने हसली. घरात एकटीने हसलेली ती मी पहिल्यांदाच ऐकली.

दुसऱ्या दिवशी तिने काय करावे? स्वतःचे खाते उघडले! एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, दोन दुपारी खर्ची घालून. नाव काय द्यायचे यावर अर्धा तास खिडकीकडे बघत बसली आणि मग लिहिले, 'शेजारीण'. मग पानाच्या तळाशी पहिली कॉमेंट टाकली, 'पाठ करून येणाऱ्या आजोबांचं वाचून गलबलून आलं. लिहीत राहा.' माझा पंखा असा गरगरला की तिने दचकून चार्जर तपासला. अहो, ही माणसे एकाच ताटलीतले लोणी पावाला लावतात, आणि ही बाई सांगते की मी शेजारीण!

तिथून चार वर्षे हा खेळ चालला. सकाळी सहाला मुलगी लिहायची. दुपारी दोनला आई वाचायची आणि दोन-तीन ओळी टाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी त्या ओळी वाचून खुलायची आणि उत्तर द्यायची, 'शेजारीणबाई, तुम्ही आहात म्हणून लिहिते.' इतर वाचक येत-जात. दोनशे झाले, मग दोन हजार झाले. शेजारीण मात्र रोजची. काही वाचक तर म्हणायचे की आम्ही लेखापेक्षा खाली चाललेलं तुमचं बोलणं वाचायला येतो. संध्याकाळी त्याच दोघी जेवायला बसत आणि त्यांच्यात शब्द होई तो असा, "मीठ दे." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी चार वर्षे रोज पाहिला, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला.

भोपळ्याची गोष्ट सांगायलाच हवी. एकदा मुलीने लिहिले, की आई मला आठवड्यातून तीनदा डब्यात भोपळ्याची भाजी देते आणि मी ती तीनदा दुकानातल्या सहकारिणीच्या गळ्यात मारते. दुपारी आईने ते वाचले. कपाळाला हात लावला. मला वाटले, चला, उद्यापासून भोपळा बंद. तर दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात काय? भोपळाच! चार वर्षे भोपळाच! कारण भाजी बदलली असती तर तिने वाचले हे कळले असते. लाइनवर ऐकलेले वापरायचे नाही, हा बोर्डाचा नियम. एवढी निष्ठा पाहून मला हसावे की रडावे ते कळेना.

पुढे मुलीचे लग्न ठरले आणि साखरपुड्याच्या आधी मोडले. मुलाने दुपारी बारा वाजता दुकानात तिच्या फोनवर तीन ओळी पाठवून मोडले. त्या आठवड्यात तिने जो लेख लिहिला त्याचे नाव 'आत्ता की मग'. त्यात होते, 'संध्याकाळी सातला मी घरी आले. माझ्या तोंडाकडे बघून रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळलं असतं. आईने दार उघडलं आणि विचारलं, जेवायला आत्ता वाढू की मग? आईला काही विचारताच येत नाही. मी एका भिंतीबरोबर राहते. भिंत वेळेवर जेवायला वाढते.'

तो लेख हजारो लोकांनी वाचला. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तो आईनेही वाचला. मी पाहत होतो. ती रडली नाही. तिने माझ्या पडद्यावरची धूळ पदराने पुसली आणि मला बंद केले. नऊ दिवस शेजारणीची एकही कॉमेंट नाही. मुलगी कासावीस. 'शेजारीणबाई, बऱ्या आहात ना? माझ्या आईला तुमच्यासारखं बोलता आलं असतं तर!' असे तिने लिहिले. ती ओळ उमटताना मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. दहाव्या दिवशी आईने उत्तर टाकले, 'आईला वेळ लागत असेल. तू थांबू नकोस, लिही.'

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या गोष्टीलाही सहा महिने झाले.

एका सकाळी साडेसहाला मुलीला एका प्रकाशनाच्या संपादिकाबाईंचे पत्र आले. ब्लॉगचे पुस्तक करायचे आहे आणि शेजारणीबरोबरचे संवाद त्यात हवेतच, असे पत्रात होते. मुलगी खुर्चीतून उठली, बसली, परत उठली. मग तिने घाईघाईने पाच ओळींचा लेख टाकला, 'माझं पुस्तक येतंय! शेजारीणबाई, ते मी तुम्हाला अर्पण करणार आहे. आता तरी भेटा. रविवारी चार वाजता वाचनालयाच्या पायरीवर मी उभी राहीन. तुम्ही याल तोवर हलणार नाही.' तेवढ्यात घड्याळ बघून ती किंचाळली आणि डबा घेऊन धावत सुटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खात्यातून बाहेर पडायचे राहिले. झाकणही उघडेच राहिले.

दुपारी आई आली. पान उघडे, कॉमेंटची चौकट उघडी. एरवी तिला नाव आणि पासवर्ड टाकायलाच दहा मिनिटे लागत. आज आयतेच सगळे समोर बघून तिला बरे वाटले. तिने लेख वाचला आणि तिचा चेहरा उतरला. मुलगी रविवारी पायरीवर उभी राहणार, आणि हलणार नाही! मग ती टाइप करू लागली. मी काय सांगू, मित्रांनो, मी ओरडत होतो. चौकटीच्या डाव्या बाजूला स्पष्ट लिहिले होते, 'नजरवाली'. पण तिचे डोळे बटणांवर. तिने चाळीस मिनिटे खपून लिहिले, 'भेटायचा हट्ट धरू नकोस. मी तुझ्या ओळखीची नाही. मला न पाहिलेलंच बरं. पण तुझं लिहिणं फार सुंदर आहे. तुझ्यासारखं लिहिणारी मी दुसरी पाहिली नाही.' आणि पाठवून दिले.

पानावर उमटले ते असे, की नजरवालीने नजरवालीला सांगितले, तुझ्यासारखं लिहिणारी मी दुसरी पाहिली नाही.

आई चहा टाकायला गेली. अर्ध्या तासात माझ्या पडद्यावर वाचकांची रांग लागली. पहिल्याने लिहिले, 'ताई, नाव बदलायला विसरलात!' दुसरा म्हणाला, 'म्हणजे शेजारीण तुम्हीच? चार वर्षं स्वतःचीच पाठ थोपटत होता?' जी बाई दर लेखाखाली 'माझ्या मनातलं लिहिलंत' म्हणायची, तिने लिहिले, 'मी तुमच्या लग्नाचं वाचून रडले होते. तेही खोटंच का?' उचलली जीभ लावली टाळ्याला, असे सत्तर जण. ही तीच माणसे का, म्हणून मी आ वासून बघत राहिलो. पाच वाजता संपादिकाबाईंचे पत्र आले, 'या प्रकाराचा खुलासा होईपर्यंत पुस्तकाचं काम थांबवत आहोत. वाचकांची फसवणूक आम्हाला परवडणारी नाही.'

मुलगी साडेसहाला आली ती पांढरीफटक पडून. तिने दुकानातच फोनवर सगळे पाहिले होते. चप्पल न काढता ती माझ्यासमोर बसली. कुणीतरी पासवर्ड चोरला असे तिला वाटत होते. ती माझ्या पोटातली जुनी नोंद उघडून बघू लागली. कोणत्या दिवशी, किती वाजता कोणते पान उघडले, त्याची यादी माझ्याकडे असते. काल दुपारी दोन दहा, 'सकाळचे सहा'. परवा दोन पाच, 'सकाळचे सहा'. त्याच्या आदल्या दिवशी दोन वाजून बारा. ती खाली खाली जात राहिली. प्रत्येक दुपारी दोन वाजता ती दुकानात असते, आणि घरात असते एकच माणूस.

ती आधी हसली. खरेच, मोठ्याने हसली. मग हसणे मध्येच तुटले आणि तिने हाक मारली, "आई!"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात झारा तसाच.

"दुपारी लॅपटॉपवर कोण होतं?"

आईला खोटे बोलता येत नाही. तिला फक्त गप्प बसता येते. पण या वेळी ती म्हणाली, "मी."

"शेजारीण तू?"

"हो."

"चार वर्षं?"

"डिसेंबरात चार झाली."

"अगं आई! चार वर्षं तू मला रोज वाचतेस, आणि समोर बसून एक शब्द नाही? मी त्या बाईला काय काय सांगितलंय! मी तिला सांगितलं की माझी आई..."

"वाचलंय मी," आई म्हणाली. "बरोबर लिहिलं होतंस."

"मग बोलायचं ना!"

"सव्वीस वर्षांत मी एकदाही लाइनवर मध्ये बोलले नाही गं. आणि घरात बोलून बसले. ते पण दुसऱ्याच्या नावाने. चुकलंच माझं." मग तिने विचारले, "लोक काय म्हणतायत?"

"म्हणतायत की मी खोटारडी आहे. मीच शेजारीण बनून स्वतःची तारीफ करत होते. पुस्तकही थांबलं."

"मग सांग ना त्यांना खरं. सांग, माझी आई होती."

"आणि काय सांगू? जिला मी भिंत म्हटलं, हजारो लोकांसमोर, तीच ती? हसतील तुला. मला खोटारडी म्हणू देत. तुझं नाव मी नाही घेणार तिथे."

मित्रांनो, मला वाटले होते की ती चिडून बोलते आहे. ती आईला वाचवत होती! हे बघून मला जो धक्का बसला त्याला तोड नाही. पण पुढच्या क्षणी तिने जे केले त्याने माझी बोबडीच वळली. तिने ब्लॉग कायमचा पुसून टाकायचे बटण शोधले. पाच वर्षांची सकाळ, सगळे आजोबा, सगळी पाने, सगळी शेजारीण. 'नक्की पुसायचे का?' असे मी विचारले. तिने 'हो' दाबले.

आणि मी अडकलो. मला फुकटचे श्रेय देऊ नका. मी मुद्दाम काही केले नाही, मी म्हातारा आहे आणि त्या सत्तर कॉमेंटा, ती लांबलचक यादी आणि हे पुसणे एकदम झेपेना, म्हणून मी जागच्या जागी गोठलो. तिने परत दाबले. परत दाबले. मग "हेसुद्धा धड होत नाही!" असे म्हणून तिने माझे झाकण असे आपटले, की उजवी बिजागरी काडकन मोडली. मी मनात म्हटले, असू दे. बिजागरी गेली, पाने वाचली.

दुसऱ्या दिवशी मुलगी न जेवता, न बोलता कामावर गेली. आईने दुपारची वाट पाहिली नाही. दहा वाजताच मला उघडले. माझा पडदा एका बाजूला कलंडत होता, म्हणून त्याच्यामागे तिने साखरेचा डबा लावला. मग आपले नाव टाकले, पासवर्ड टाकला, आणि डाव्या बाजूला 'शेजारीण' आले आहे ना हे तीनदा बोट ठेवून वाचले. त्यानंतर तिने एका बोटाने साडेतीन तास जे लिहिले ते मी जसेच्या तसे सांगतो. प्रत्येक अक्षर माझ्या अंगावरून गेलेले आहे.

'मी शेजारीण. मी नजरवालीने बनवलेली नाही. तिला मी जन्म दिलाय. मी तिची आई. काल ती खातं बंद करायला विसरली आणि मी नाव न बघता लिहिलं. चूक माझी. ती कधीच खोटं लिहीत नाही. माझ्याबद्दल लिहिलं तेही खरं आहे. फक्त तिला एक गोष्ट माहीत नाही. लग्न मोडल्याचा फोन सकाळी दहाला घरी आला होता. मुलाच्या आईचा. मी बरं म्हणून ठेवला. तेव्हापासून संध्याकाळी सातपर्यंत मी दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. ती आल्यावर काय बोलायचं ते ठरवत होते. कागदावरही लिहिलं. हॉस्पिटलात मी हजारो लोकांना वाईट बातमी जोडून दिली, पण बातमी ऐकल्यावर माणसाशी काय बोलायचं ते मला कुणी शिकवलं नाही. मी फोन जोडून बाजूला व्हायचे. ती दारात आली तेव्हा मला सगळं विसरायला झालं आणि जेवायचं तेवढं तोंडातून आलं. तिला वाटलं मला माहीत नाही. मला सकाळपासून माहीत होतं. तिला खोटारडी म्हणू नका.'

मी या गोष्टीचा साक्षीदार आहे. त्या दिवशी मी टेबलावर उघडाच होतो. ती खुर्ची, ते दाराकडे लावलेले तोंड, चुरगाळून परत उलगडलेला तो कागद, सगळे मी पाहिले होते. पण मला कुणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी मी काय बोलणार होतो?

आईने पाठवले आणि ती तिथेच बसून राहिली. उत्तरे येऊ लागली. कुणी माफी मागितली. आधी रडलेल्या बाईने लिहिले, 'मला माझ्या आईला फोन करावासा वाटतोय.' पण एकाने लिहिले, 'वा! आता आईलाही कामाला लावलं!' आणि आणखी तिघांनी त्याची री ओढली. मी थिजलो. एका बोटाने साडेतीन तास लिहिलेल्यावरही माणसे असे म्हणू शकतात!

साडेतीनला दार वाजले. मुलगी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. आई उठून उभी राहिली, चोरी पकडल्यासारखी.

"आई, हे सगळ्या जगाने वाचलं."

"वाचू दे. मी तुझ्यासाठी लिहिलंय."

"मग मला सांगायचं होतंस. तोंडाने."

"तेच तर येत नाही ना गं."

मग आई म्हणाली, "एक विचारू?"

मुलगी बघतच राहिली. या घरात हे वाक्य तिने कधी ऐकले नव्हते. "विचार."

"त्या दिवशी, दुकानात तुला ते कळलं, तेव्हा तुझ्याजवळ कुणी होतं का गं?"

मुलीने मान हलवली. नाही म्हणून. "तपासणीच्या खोलीत गेले," ती म्हणाली, "दिवा बंद केला, आणि..." आणि ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडू लागली. आईने तिला खुर्चीत बसवले आणि दुसरी खुर्ची ओढून अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली. "आणि? सांग ना. मी ऐकतेय."

मुलगी काही सांगणार, तेवढ्यात तिचे लक्ष माझ्याकडे गेले. पडद्यावर अजून कॉमेंटा येतच होत्या. तिने त्या वाचल्या नाहीत. साखरेचा डबा बाजूला केला आणि मोडक्या बिजागरीला सांभाळत, दोन्ही हातांनी, माझे झाकण लावले.

चार वर्षे त्या दोघींचे प्रत्येक वाक्य माझ्या पोटातून गेले होते. त्या दुपारी त्या काय बोलल्या, हे मला आजही ठाऊक नाही.

ब्लॉग राहिला. संपादिकाबाईंनी माफी मागितली, पुस्तक निघाले, आणि आईने लिहिलेले ते सगळे तिच्याच परवानगीने शेवटच्या पानावर छापले. मुलगी आता नव्या लॅपटॉपवर लिहिते. मला मामांनी तपासले आणि बिजागरीला आता सुटा भाग मिळत नाही असे सांगितले. मी कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. आठवड्यातून एकदा आई मला बहिणीशी बोलायला खाली घेते. भोपळा बंद झाला आहे, एवढे मला वासावरून नाही तरी बोलण्यावरून कळते, कारण हल्ली मला उघडले की स्वयंपाकघरातून फार बोलणे ऐकू येते. दुपारी दोन वाजता मात्र मला कुणी उघडत नाही. वाईट वाटते, खोटे कशाला सांगू?

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. जुन्या यंत्राचे झाकण आपटू नका, त्याच्या पंख्यात धूळ साचू देऊ नका, आणि दुसऱ्याच्या हाती देण्याआधी आपले खाते बंद करा. पण यातले काही विसरलात तरी मी रागावणार नाही. तुमच्या घरातले माणूस रोज तुम्हाला काय सांगू पाहते, ते माझ्यासारख्याकडून कळायची वेळ मात्र आणू नका. मला सगळे माहीत असते, पण कुणाला ते मी स्वतःहून सांगू शकत नाही. त्यासाठी कुणाच्या तरी हातून चूक व्हावी लागते, आणि सगळ्याच घरांत ती वेळेवर होत नाही.